थेंबाखालचं मेण

"कापता कापता ओढायची. नुसती कापलीस तर टोक चपटं येतं, नुसती ओढलीस तर तार वाकते."

लॅबमधल्या सीनियर दादाने हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि पुढचे तीन महिने मला ते जमलं नाही. तार प्लॅटिनम-इरिडियमची, पाव मिलिमीटर जाडीची, वीतभर तुकडासुद्धा जपून वापरायचा. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात कटर, तिरका घाव घालता घालताच हलकासा झटका. टोकावरचा एखादा अणू बाकीच्यांपेक्षा जरा पुढे आला की काम झालं. तो आला की नाही हे डोळ्यांना कळत नाही, साध्या मायक्रोस्कोपखालीही कळत नाही. ती टिप यंत्रात बसवायची, ग्रॅफाइटजवळ न्यायची आणि पडद्यावर काय उमटतं ते बघायचं. बहुतेक वेळा उमटते ती मुंग्यांची रांग विस्कटल्यासारखी खरखर. मग टिप काढायची, नवी कापायची. एका दिवसात मी अकरा टिपा कापल्याची नोंद माझ्या वहीत आहे आणि तिच्यापुढे फक्त एक शब्द आहे: जेवले.

यंत्र म्हणजे स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप. लॅबमध्ये सगळे एसटीएम म्हणतात. बिनिग आणि रोरर यांनी झुरिकच्या आयबीएममध्ये १९८१ साली ते चालवून दाखवलं, १९८६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यात भिंग नाही, प्रकाश नाही. टोकदार तार पृष्ठभागाच्या इतकी जवळ न्यायची की मधल्या फटीतून इलेक्ट्रॉन निसटायला लागतात आणि नॅनोअँपिअरच्या आसपासचा प्रवाह वाहतो. फट नॅनोमीटरच्या दहाव्या हिश्श्याने वाढली तरी प्रवाह साधारण दहापट घसरतो. म्हणूनच त्याला अणू दिसतात, आणि म्हणूनच जिन्यावरून कुणी धावत उतरलं तर तेही दिसतं.

माझं काम सांगायला सोपं होतं. ग्रॅफाइटच्या सपाट तुकड्यावर एका तेलकट द्रवाचा थेंब ठेवायचा, त्या द्रवात मेणाचे रेणू विरघळवलेले. थेंब द्रवच राहतो. पण त्याच्या तळाशी, ग्रॅफाइटला लागून, मेणाचा एक थर बसतो. जाडी एका रेणूची. आणि हा थर घन असतो, रेणू आगपेटीतल्या काड्यांसारखे शेजारी शेजारी झोपलेले. तो थर बघायचा, मोजायचा, आणि द्रवात काय बदललं की थरात काय बदलतं ते तपासायचं.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे थंडीत खोबरेल थिजतं तसंच ना?" मी तेव्हा घाईत 'हो' म्हणून टाकलं. तसं नव्हतं. बाटलीतलं खोबरेल थिजतं कारण सगळं तेलच गार झालेलं असतं. इथे वरचा द्रव थिजण्याच्या जवळपासही नसतो. जमिनीलगतचा तेवढा एक पापुद्रा थिजतो, कारण खाली ग्रॅफाइट असतं आणि ग्रॅफाइटला लांब, सरळ, चपटे झोपू शकणारे रेणू धरून ठेवता येतात. ही पकड व्हान डर वाल्स बलांची. रेणूच्या एकेका तुकड्यावर ती फारशी नसते, पण छत्तीस कार्बनची साखळी आडवी पडली की छत्तीस जागी पकड बसते. शिवाय असा एक लांबोडा रेणू खाली आला की त्याच्या जागेवरचे द्रवाचे काही छोटे रेणू सुटून मोकळे होतात, आणि मोकळं होणं निसर्गाला नेहमीच परवडतं. म्हणून द्रवात थोडेच असले तरी तळाची जागा लांब रेणूच बळकावतात.

मेण म्हणजे हेक्साट्रायाकॉन्टेन. छत्तीस कार्बन एका सरळ रेषेत, वितळणबिंदू ७५ अंशांच्या आसपास, दिसायला पांढरी भुकटी. आम्ही त्याला नुसतं 'छत्तीस' म्हणायचो. सुरुवातीचे महिने बघता आमच्यात छत्तीसचाच आकडा होता. द्रव म्हणजे फिनाइलऑक्टेन. तो निवडायची कारणं अगदी घरगुती आहेत. तो २६० अंशांच्या पुढे उकळतो, त्यामुळे दुपारभर उघडा राहिला तरी थेंब आटत नाही. विजेचं वहन करत नाही, त्यामुळे टिप त्यात बुडवून ठेवली तरी प्रवाह भलतीकडून गळत नाही. आणि ग्रॅफाइटवरच्या जागेसाठी छत्तीसशी भांडण्याएवढी त्याची ताकद नाही.

ग्रॅफाइट मात्र पेन्सिलीतलं चालत नाही. एचओपीजी नावाचं बनवलेलं ग्रॅफाइट येतं, दहा मिलिमीटरचा चौकोन, दोन मिलिमीटर जाड, बर्फीच्या वडीएवढासुद्धा नाही, आणि किंमत माझ्या एका महिन्याच्या फेलोशिपच्या आसपास. ते आतून थरांचं असतं, दोन थरांत ०.३३५ नॅनोमीटर अंतर. दर प्रयोगाआधी वरचा थर काढून ताजा पृष्ठभाग उघडा करायचा. त्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा जे वापरतात तेच आम्ही वापरायचो: सेलोटेप. टेप लावायची, अंगठ्याने हलकेच दाबायची, एका कोपऱ्यातून सोलायची. नीट सुटली तर टेपवर खारीच्या पापुद्र्यासारखा चकचकीत काळा थर येतो आणि खाली आरसा राहतो. नीट सुटली नाही तर कोपऱ्यावर भुसभुशीत पिसं उभी राहतात आणि टिप त्यांच्यावर आपटते. मला एक गोष्ट उशिरा कळली. टेप स्वस्तातली, जरा कमी चिकट असलेली बरी. भारी टेप जाड थर उचलते आणि वडी लवकर संपते.

सोललेल्या ताज्या ग्रॅफाइटवर आधी नुसतं ग्रॅफाइटच बघायचं, हा नियम. पहिल्यांदा अणू दिसले तो दिवस ऑगस्टमधला होता. गोल गोल ठिपके, तिरप्या ओळींत. मी आनंदाने ओरडले, आणि मग पुस्तकातल्या चित्राशी ताडून बघितलं तर ते जुळेना. पुस्तकात षटकोन असतात, पडद्यावर त्रिकोण. दादाने समजावलं की वरच्या थरातल्या निम्म्या अणूंच्या बरोबर खाली दुसऱ्या थरातला अणू असतो, निम्म्यांच्या खाली नसतो, आणि एसटीएमला मुख्यतः दुसऱ्या प्रकारचेच दिसतात. म्हणजे षटकोनातले एकाआड एक. शेजारच्या दोन ठिपक्यांमधलं अंतर ०.२४६ नॅनोमीटर. ही संख्या पुढे माझी फूटपट्टी झाली. यंत्र काहीही सांगो, हे अंतर ०.२४६ येत नसेल तर बाकीची सगळी मोजमापं खोटी.

ऑगस्टमध्ये आणखी एक गोष्ट सुरू झाली. आमच्या इमारतीमागच्या मैदानावर संध्याकाळी सहाला ढोलपथकाचा सराव. आमचा एसटीएम तळमजल्यावर एका जाड ग्रॅनाइटच्या फरशीवर होता, फरशीखाली स्कूटरच्या फुगवलेल्या ट्यूबा. ही व्यवस्था वर्कशॉपच्या काकांनी केली होती आणि रस्त्यावरच्या बसगाड्यांपुरती ती उत्तम होती. ढोलापुढे तिचं काही चालेना. टोलागणिक पडद्यावर आडवा पट्टा उमटायचा. ताशा तितका त्रास देत नाही, ढोल देतो. महिनाभर मी रात्री दहानंतर काम सुरू करत होते. विसर्जनाच्या दिवशी यंत्राला हातच लावला नाही, मिरवणुकीला गेले.

विसर्जनानंतरच्या आठवड्यात, रात्री एकच्या सुमाराला, मला छत्तीस दिसलं.

म्हणजे मला तसं वाटलं. थेंब ठेवून दोन तास झाले होते. तोवर नुसतं सपाट ग्रॅफाइट दिसत होतं, आणि टिप थोडी बाजूला सरकवल्यावर अचानक ओळी आल्या. समांतर, नेमक्या, एकसारख्या. मी श्वास रोखून दोन ओळींमधलं अंतर मोजलं: ४.७ नॅनोमीटर. छत्तीस कार्बनची ताणलेली साखळी किती लांब असते हे मला पाठ होतं. पस्तीस दुव्यांचे प्रत्येकी ०.१२७ प्रमाणे साडेचारच्या जवळ, आणि दोन टोकांचे थोडे, मिळून ४.७. आकडा दशांश चिन्हापर्यंत जुळला. मी सात चित्रं साठवली, सगळ्यात चांगलं आईला व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि पहाटे चारला होस्टेलवर जाऊन झोपले.

सकाळी माझ्या गाईड मॅडमनी चित्र बघितलं. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "बायस खाली घेऊन बघितलास?"

नव्हता घेतला. मॅडमनी पुढे काही बोलायच्या आधीच माझ्या पोटात खड्डा पडला, कारण ही पायरी मला शिकवलेली होती. बायस म्हणजे टिप आणि पृष्ठभाग यांच्यातला विजेचा दाब. रेणू बघताना तो एक व्होल्टच्या आसपास ठेवतात आणि प्रवाह अगदी कमी, नॅनोअँपिअरचा दहावा भाग. तेव्हा टिप जरा उंचावर राहते. बायस काही मिलिव्होल्टवर आणला आणि प्रवाह वाढवला की टिप खाली उतरते, रेणूंच्या थरात घुसते, आणि खालचं ग्रॅफाइट दिसायला लागतं. ओळी रेणूंच्या असतील तर त्या नाहीशा होतात. आणखी एक तपासणी त्याहून सोपी: छत्तीस न घालता नुसता फिनाइलऑक्टेन ठेवून तेच बघायचं. त्याला ब्लँक म्हणतात. तीही मी केली नव्हती.

"ब्लँक कुठाय?" हा मॅडमचा दुसरा प्रश्न.

नशिबाने थेंब आणि टिप रात्रीपासून जागच्या जागी होती. मॅडमसमोरच मी बायस खाली आणला. ग्रॅफाइटचे अणू उमटले, स्वच्छ. आणि ओळी तशाच राहिल्या. अणूंवर लाटांसारखी उंचसखल नक्षी, अंतर तेच, ४.७. टिप बदलून पुन्हा त्या भागात गेल्यावर ओळींचे ठिपके झाले, मोठे मोठे, षटकोनी मांडणीत. रात्रीच्या टिपेला बहुधा दोन टोकं होती, त्यामुळे ठिपके ओढले जाऊन ओळी झाल्या होत्या.

तो मुआरे होता. ग्रॅफाइटचा सगळ्यात वरचा थर सोलताना कधीकधी किंचित फिरतो, खालच्याशी थोडा कोन करून बसतो. दोन मच्छरदाण्या एकमेकींवर तिरक्या धरल्या की मोठी नक्षी दिसते, तसंच. नक्षीचं अंतर कोनावर ठरतं. मी वहीत हिशेब केला: ०.२४६ भागिले कोनाच्या अर्ध्याच्या साइनची दुप्पट. कोन तीन अंश धरला तर उत्तर ४.७ येतं. माझ्या मेणाच्या लांबीइतकंच. दुसऱ्या कुठल्याही कोनाला फिरलेला थर सापडला असता तर मी फसले नसते.

आईला पाठवलेलं चित्र परत मागता आलं नाही. तिने ते मावशीला पाठवलं होतं.

त्या दिवशी मॅडमनी मला एक जुना शोधनिबंध वाचायला दिला. क्लेमर आणि बीब यांचा, १९९१ सालचा, 'सायन्स'मधला. त्याआधीची दोन-तीन वर्षं ग्रॅफाइटवर डीएनए दिसल्याची चित्रं छापून येत होती, पीळदार दोरासकट. या दोघांनी नुसतं ताजं सोललेलं ग्रॅफाइट घेतलं, वर काहीही ठेवलं नाही, आणि त्याच्या पायऱ्यांवर, कडांवर तसेच पीळदार दोर दाखवले. मला तो निबंध वाचून दिलासा मिळाला असं म्हणणार होते, पण खरं म्हणजे राग आला. सात चित्रांपैकी सहा पुसून टाकली. सातवं छापून माझ्या टेबलासमोर लावलं, अजून आहे.

त्यानंतर मी कामाचा क्रमच बदलला. सोला, कोरडं ग्रॅफाइट बघा, नुसत्या द्रवाचा थेंब ठेवा, अर्धा तास वेगवेगळ्या जागा बघा, तोवर काहीही संशयास्पद दिसलं तर वडी पुन्हा सोला. आणि मगच त्यावर छत्तीसचा थेंब. यात अर्धा दिवस जायचा. दादा म्हणायचा, तू देवळात जायच्या आधी चार वेळा पाय धुतेस.

खरं छत्तीस दिसलं ते दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. इमारत रिकामी, लिफ्ट बंद, एसी बंद, मैदान बंद. एसटीएम चालवणाऱ्याला दिवाळीच्या सुट्टीइतकं पवित्र काही नसतं, फटाके वगळले तर. दुपारी तीनला थेंब ठेवला, दहा मायक्रोलिटर, मिलिलिटरला एक मिलिग्रॅम या प्रमाणाचा. चारच्या सुमाराला पडद्यावर गडद रेघा आल्या, पावणेपाच नॅनोमीटरच्या आसपास अंतरावर. मी हलले नाही. खिडकी लहान केली, म्हणजे स्कॅनची चौकट. दोन गडद रेघांच्या मध्ये बारीक दांड्या दिसायला लागल्या, रेघांना काटकोनात, एकमेकींपासून ०.४३ नॅनोमीटरवर. एकेक दांडी म्हणजे एकेक रेणू. गडद रेघा म्हणजे एका रांगेतल्या रेणूंची टोकं जिथे संपतात आणि पुढच्या रांगेतल्यांची सुरू होतात ती फट.

स्कॅन अर्ध्यावर असतानाच बायस खाली आणला. चित्राच्या वरच्या अर्ध्या भागात दांड्या, खालच्या अर्ध्या भागात ग्रॅफाइटचे अणू, मध्ये एक फाटकी रेघ. दांड्या ग्रॅफाइटच्या अणूंच्या ओळीशी समांतर होत्या. बायस परत वर नेला, दांड्या परत आल्या. मी हे सहा वेळा केलं.

एका गोष्टीची कल्पना मला निबंध वाचूनही आली नव्हती. चित्र मोठं केलं, शंभर नॅनोमीटरची चौकट घेतली, तर थर सगळीकडे एकाच दिशेने नव्हता. ठिगळं होती. प्रत्येक ठिगळात दांड्यांची दिशा एकच, शेजारच्या ठिगळात ती साठ अंशांनी वळलेली. दिशा तीनच, चौथी नाही, कारण खालचं ग्रॅफाइट तेवढ्याच देतं. आणि ठिगळांच्या सीमा हलत होत्या. एका स्कॅनला मिनिटभर लागायचं, आणि दर स्कॅनमध्ये सीमा थोडी सरकलेली. उजवीकडचं एक लहानसं ठिगळ वीस मिनिटांत शेजारच्या मोठ्याने खाऊन टाकलं. बांध कोरणाऱ्या शेजाऱ्यासारखं, दर खेपेला दोन-दोन काड्या. सीमेवरचे रेणू सुटून द्रवात जात होते, द्रवातले येऊन पलीकडच्या दिशेने झोपत होते. घन म्हटलं की माझ्या डोक्यात काहीतरी बसून राहिलेलं असायचं. हा थर घन होता आणि सतत येजा चालू होती. माइन्त्सला राबे आणि बुखहोल्त्स यांनी ही हालचाल १९९१ मध्येच टिपून ठेवली होती. मी ती पाठही केली होती. बघताना मात्र चहा गार झाला.

त्या रात्री हॉस्टेलवर बसून मी नुसते हिशेब केले. एक रेणू साधारण दोन चौरस नॅनोमीटर जागा घेतो. म्हणजे एक चौरस सेंटीमीटर झाकायला लागणारं मेण मायक्रोग्रॅमच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढं. माझ्या थेंबात दहा मायक्रोग्रॅम होतं. दर अडीचशे रेणूंतला एक खाली झोपतो, बाकीचे वर पोहत राहतात आणि जागा मिळाली तर उतरतात.

दुसरा हिशेब जरा छळणारा. ग्रॅफाइटचं घर ०.२४६ नॅनोमीटरचं, साखळीची नागमोड ०.२५४ ची. तीन टक्के फरक. साखळीचं एक टोक ग्रॅफाइटच्या षटकोनावर नेमकं बसवलं, तर दुसऱ्या टोकापर्यंत जाता जाता ती अर्ध्या घराहून जास्त सरकलेली असते. तरीही ती झोपते. १९७० साली ग्रोशेक यांनी या थराचं चित्र मांडलं तेव्हा त्यांनी साखळीतले हायड्रोजन ग्रॅफाइटच्या षटकोनांत बसतात असं धरलं होतं. ग्रॅफाइटवरून हेप्टेन वाहवायचं, त्यात बत्तीस कार्बनचं मेण सोडायचं आणि किती उष्णता बाहेर पडते ते मोजायचं, एवढ्या आधारावर. एसटीएम अजून अकरा वर्षं लांब होता. मला त्यांचा तीन टक्क्यांचा प्रश्न नंतर दिसला, पण ज्याने फक्त उष्णता मोजून रेणू झोपलेले आहेत हे ओळखलं त्याच्याबद्दल मी काही बोलणार नाही. मला चित्र समोर असूनही ओळखता आलं नव्हतं.

डिसेंबरात पुण्याची थंडी पडली आणि नवीनच भानगड झाली. रात्री लॅबचं तापमान सतराच्या खाली गेलं की थेंबात खरोखरचे मेणाचे खडे दिसायला लागायचे. मी द्रावण जवळजवळ तुडुंब केलेलं होतं, गार झाल्यावर जास्तीचं मेण बाहेर. म्हणजे आईचं खोबरेलच. एका खड्यावर टिप आदळून मोडली. मग मी शेजारी टेबललॅम्प लावला, तर उबेने यंत्रच प्रसरण पावायला लागलं आणि चित्र एका बाजूला वाहत गेलं, दांड्या तिरप्या. शेवटी द्रावण पातळ केलं. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

थंडीतच मी वीस कार्बनचं मेण छत्तीसमध्ये मिसळून बघितलं, पाचपट जास्त घालून. पडद्यावर गडद रेघांमधलं अंतर छत्तीसचंच राहिलं. थोड्या वेळाने पुन्हा बघितलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. वीसवाला मधूनमधून एखाद्या सीमेवर दिसल्याचा भास झाला. मी तो भास म्हणूनच वहीत लिहिला.

जानेवारीत मॅडमनी मला शेजारच्या विभागातल्या कॅलरीमीटरवर पाठवलं. एसटीएम एका ठिकाणचे शेकडो रेणू दाखवतो, थर एकंदरीत कधी वितळतो हे सांगत नाही. त्यासाठी ग्रॅफाइट वेगळं लागतं. फुगवून पुन्हा दाबलेलं, काळ्या पुठ्ठ्यासारखं, ज्याच्या एका ग्रॅममध्ये वीसेक चौरस मीटर पृष्ठभाग असतो. माझी होस्टेलची खोली त्याहून लहान होती. त्या पुठ्ठ्याचे कपटे एका चिमुकल्या ॲल्युमिनियमच्या बशीत, वर डोडेकेन, बारा कार्बनचा अल्केन, म्हणजे छत्तीससारखीच पण आखूड साखळी. गार करून हळूहळू तापवायचं आणि उष्णता कुठे शोषली जाते ते बघायचं. उणे दहा अंशांपाशी प्रचंड शिखर आलं, ते डोडेकेन स्वतः वितळल्याचं. नंतर रेघ सपाट. सगळं द्रव झालं. मी नाद सोडून मोबाइल बघत होते. पंधराच्या पुढे कुठेतरी रेघेला बारीकशी टेंगूळ आली. हाच तो थर. अल्केनचे असे थर द्रवाच्या वितळणबिंदूच्या साधारण दहा टक्के वर टिकतात, केल्विनमध्ये मोजलं तर. डोडेकेनसाठी ते पंधरा ते वीस अंशांच्या आसपास येतं. म्हणजे उणे दहापासून तिथपर्यंत पंचवीसेक अंश वरचं सगळं पातळ आणि तळाशी मात्र एक थिजलेला पापुद्रा. पुठ्ठा न घालता तेच केलं, टेंगूळ नाही. ब्लँक या वेळी कुणी मागायच्या आधीच मी नेला होता. मॅडमनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून बघितले आणि "बरं" म्हणाल्या. त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी अजून ऐकलेलं नाही.

होळीच्या सुमाराला साखळ्यांचा कंटाळा आला म्हणून ट्रायमेसिक आम्ल हातात घेतलं. बेंझिनचं कडं, त्याला तीन दिशांना तीन आम्लगट. हे रेणू आडवे झोपतात आणि हात धरतात, हायड्रोजन बंधांनी, दोन-दोन. सगळ्यांनी सगळ्यांचे हात धरले की मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी होते, प्रत्येक भोक १.१ नॅनोमीटरचं. २००५ मध्ये म्युनिकच्या गटाने दाखवलं होतं की ही जाळी कशी विणली जाईल हे द्रव ठरवतो. आठ-नऊ कार्बनच्या आम्लांत विरघळवलं तर पोळं, चार ते सहा कार्बनच्या आम्लांत विरघळवलं तर त्याहून दाट, फुलांसारखी नक्षी. मधलं, सात कार्बनचं हेप्टॅनोइक आम्ल घेतलं तर दोन्ही. रेणू तोच, ग्रॅफाइट तेच, फक्त वरचा द्रव वेगळा, जो थरात येऊन बसतही नाही.

साहजिकच मला सातवालं हवं होतं. बाटली उघडली आणि वर्कशॉपचे काका दोन खोल्या पलीकडून उठून आले. "कुणी तूप उघडं ठेवलंय का? खवट वास येतोय." हेप्टॅनोइक आम्लाचा वास खवट तुपासारखाच असतो, त्याची भावंडंच तुपाला खवट करतात. काकांनी खिडक्या उघडल्या. खिडक्या उघड्या ठेवून एसटीएम चालत नाही, वारा लागतो. बंद ठेवल्या तर लॅबमध्ये कुणी थांबत नाही. तीन दिवस मी एकटीच त्या वासात बसले, दुपट्टा नाकावर बांधून. तिसऱ्या दिवशी एकाच चौकटीत डावीकडे पोळं आणि उजवीकडे फुलं आली. बायस खाली घेतला, ग्रॅफाइट दिसलं, ०.२४६ मोजलं. वर नेला, दोन्ही परत आली. चित्र साठवलं, बाटलीचं बूच घट्ट लावलं आणि काकांना सांगायला गेले की आता खिडक्या उघडायला हरकत नाही.